घराचा पाया घेण्याआधी जमीन कशी तपासायची? खड्डा, माती परीक्षण आणि मशीन सर्व्हेची सविस्तर माहिती

घर बांधायचं ठरलं, मुहूर्त निघाला, की गवंडी पहिला प्रश्न विचारतो, "पाया किती फूट घ्यायचा?" बहुतेक ठिकाणी उत्तरही ठरलेलं असतं, "शेजारच्यांनी चार फूट घेतलाय, आपणही चारच घेऊ." शेजारच्या प्लॉटमध्ये चार फुटांवर मुरूम लागला असेल आणि आपल्या प्लॉटमध्ये दहा फुटांपर्यंत काळी मातीच असेल, हा विचार सहसा होत नाही. दोन पावसाळे जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दरवाजा चौकटीत अडकायला लागतो, हॉलमधली फरशी मधोमध फुगते. मग गवंड्याला बोल लावला जातो, सिमेंटला नावं ठेवली जातात. पण अनेकदा चूक भिंतीत नसते, भिंतीखालच्या जमिनीत असते.

म्हणून पाया किती फूट खोल, यापेक्षा तो कोणत्या थरावर टेकतो हे आधी कळायला हवं. ते कसं शोधायचं, फुकटात काय कळतं, प्रयोगशाळेत काय कळतं, मशीन लावून काय कळतं आणि मशीन कुठे फसतं, याची माहिती पुढे दिली आहे.

गाव पांढरीतून काळीत सरकतंय

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुने दोन भाग आहेत. वस्तीची जमीन म्हणजे पांढरी आणि पिकाची जमीन म्हणजे काळी. पूर्वी वस्ती बहुधा उंचवट्यावर असायची, चांगली काळी जमीन पिकासाठी राखली जायची. आता गावठाणात जागा उरली नाही. एनए प्लॉट पडतात ते रस्त्याकडेच्या शेतात. घरकुलं, शाळेच्या नव्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, गोदामं, सगळं हळूहळू काळीत चाललं आहे. जी जमीन कापसाला, तुरीला, हरभऱ्याला सोन्यासारखी, तीच घराला त्रासदायक ठरते.

पांढरीतही सगळं बिनधोक असतं असं नाही. जुन्या गावठाणात पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती आणि कचरा साचून भर तयार झालेली असते. ही भर सगळीकडे सारखी दबत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या जुन्या गावांत धान्य साठवायची पेवं जमिनीत असायची. काही बुजवली, काही नुसतीच विसरली गेली. पेवाच्या, जुन्या आडाच्या किंवा उकिरड्याच्या जागेवर कॉलम आला तर तो एकटाच खाली बसतो आणि घर एका बाजूनं फाटतं.

काळी माती घराला काय करते?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. हा खडक हजारो वर्षं कुजून, झिजून काळी माती तयार होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची अतिशय बारीक चिकणमाती असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी उडून गेलं की ती आक्रसते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

कोरडी काळी माती कठीण असते. एकमजली घराचं वजन ती त्या वेळी सहज पेलते, त्यामुळे उन्हाळ्यात पाया घेताना सगळं ठीक वाटतं. भार पेलण्याचा प्रश्न तिच्यात कमी आणि हालचालीचा जास्त असतो. पावसाळ्यात ती घर वर ढकलते, उन्हाळ्यात खाली सोडते. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर भेग पडली नसती. पण घराखालच्या मधल्या भागातलं पाणी सहजी उडून जात नाही, तिथे ओल टिकते आणि माती फुगलेली राहते. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून फरशी मधोमध उचलते आणि बाहेरच्या भिंती फाटतात.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. या मातीत जड इमारतीपेक्षा हलकं, बैठं घर जास्त हलतं, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला पुरेसं वजनच नसतं. "आपलं दोन खोल्यांचं घर, त्याला कशाला तपासणी," हे म्हणणं म्हणूनच महागात पडतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला २०१६ पासून सपाट भागात मिळणारी मूळ मदत १ लाख २० हजार रुपये. एवढ्या पैशात उभं केलेलं घर पाच वर्षांत फाटलं तर ते पुन्हा बांधायला दुसऱ्यांदा मदत मिळत नाही.

पैसा न घालवता काय कळतं?

प्रयोगशाळेत जाण्याआधी गावातच बरीच माहिती पडलेली असते.

• शेजारची विहीर: विहिरीच्या न बांधलेल्या काठावर जमिनीचे सगळे थर उघडे दिसतात. वर काळी माती किती, मुरूम किती फुटांवर, खडक कुठे सुरू होतो, हे टेपनं मोजता येतं.

• बोअरची केसिंग: आजूबाजूला कोणी बोअर घेतलं असेल तर किती फूट केसिंग टाकली ते विचारावं. मऊ थर ढासळू नये म्हणून केसिंग टाकतात आणि ती कठीण खडकात टेकवतात. वीस फूट केसिंग लागली, तर कठीण खडक साधारण तेवढ्या खोलीवर आहे, असा अंदाज बांधता येतो.

• उन्हाळ्यातल्या भेगा: प्लॉटवरच्या भेगेत लांब काडी किंवा तार सोडून खोली मोजावी. जिथवर भेग जाते, तिथवर माती दरवर्षी नक्कीच हलते. खोल काळ्या मातीत ही हालचाल साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेअकरा फुटांपर्यंत जाते.

• जुनी माणसं: इथे पूर्वी ओढा होता का, विहीर बुजवली का, वीटभट्टीसाठी माती उचलली होती का, पावसाळ्यात पाणी किती दिवस साचतं, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसांना ते ठाऊक असतं.

• शेजारची घरं: तीन-चार वर्षं जुन्या घरांच्या भेगा पाहाव्यात. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी तिरकी भेग असेल, तर बहुतेक वेळा ती काळ्या मातीचीच खूण असते.

चाचणी खड्डा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा

छोट्या घरासाठी पहिली तपासणी म्हणजे चाचणी खड्डा. भारतीय मानक ब्युरोच्या नियमावलीनुसार लहान, साध्या इमारतीला जागेच्या मधोमध एक खड्डा किंवा एक बोअर पुरू शकतो. सुमारे एक एकराच्या (०.४ हेक्टर) जागेत इमारत असेल तर चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, असे पाच लागतात. प्लॉटला उतार असेल, एका बाजूला ओढा असेल किंवा भर घातलेली असेल, तर छोट्या घरालाही दोन-तीन खड्डे घ्यावेत.

खड्डा माणूस उतरून नीट पाहू शकेल एवढा रुंद असावा. पाया जिथे टेकवायचा, त्याच्याही खाली फुटिंगच्या रुंदीच्या किमान दीडपट खोलीपर्यंतची जमीन माहीत असावी लागते, कारण इमारतीचा दाब तिथवर पोचतो. चार फूट रुंद फुटिंग असेल तर तळाच्या खाली सहा फूट. जेसीबीनं हे काम तासाभरात होतं.

खड्ड्यात वरून खाली पाहत जावं आणि प्रत्येक थराची खोली लिहून ठेवावी. सहसा वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली करडी-पिवळसर माती, मग मुरूम, मग टिकावानं फुटणारा मऊ खडक आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम असतो. प्रत्येक थराचा फोटो टेप लावून काढावा. तळाला पाणी लागलं का, किती वेळात वर आलं, हेही तारखेसह लिहावं.

हाताखालच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. ओल्या मातीची तळहातावर सुतळीसारखी बारीक वळी करून पाहावी. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळी झाली तर माती चिकण आहे. दुसरी परीक्षा मुरमाची. कोरड्या मुरमाचा ढेकळा रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवावा. सकाळी तो विरघळून चिखल झाला, तर त्यात मातीच जास्त आहे. ढेकळा तसाच राहिला तर मुरूम चांगला.

सावधान: पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात, विशेषतः काळ्या मातीत, कडा अचानक ढासळतात. कडा उतरत्या किंवा पायऱ्यांच्या कराव्यात. उकरलेली माती काठावर रचू नये. पाऊस पडून गेल्यावर खड्ड्यात उतरू नये. लहान मुलं आणि जनावरं पडू नयेत म्हणून काम होताच थर दाबत खड्डा बुजवावा, आणि तो कॉलमच्या नेमक्या जागी येणार नाही हे आधीच पाहावं.

प्रयोगशाळेत काय तपासतात?

खड्ड्यातल्या प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या पिशवीत, खोली आणि तारीख लिहून द्यावा. शासकीय तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग आणि मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा अशा चाचण्या करतात. दर आधी विचारून घ्यावा. घरासाठी पुढच्या चाचण्या सगळ्यात कामाच्या.

मुक्त फुगवटा चाचणी: वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करतात. एक भाग पाण्याच्या नळकांड्यात, दुसरा रॉकेलच्या नळकांड्यात टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात २२ मिलिलिटर जागा व्यापली, तर फुगवटा १२० टक्के. मानकानुसार ५० च्या खाली फुगवटा कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर अतिजास्त धरतात.

द्रव मर्यादा आणि सुघट्यता: किती पाण्याला माती वाहायला लागते आणि किती पाण्याला तिची वळी तुटते, यावरून तिचा स्वभाव कळतो. द्रव मर्यादा ५० टक्क्यांच्या वर गेली की सावध व्हावं.

ताकदीच्या चाचण्या: यासाठी पिशवीतली माती चालत नाही. जमिनीत नळी दाबून अखंड नमुना काढतात आणि ओल उडू नये म्हणून तोंडं मेणानं बंद करतात. त्यावरून जमिनीची सुरक्षित भारवहन क्षमता, म्हणजे इंजिनीअर ज्याला एसबीसी म्हणतात ती, काढली जाते.

बोअर आणि ठोक्यांची चाचणी

दोन-तीन मजली इमारत, शाळा, मंगल कार्यालय किंवा पाण्याची उंच टाकी असेल तर खड्ड्यावर भागत नाही. तिथे बोअर घेऊन ठोक्यांची चाचणी करतात, तिला एसपीटी म्हणतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून एक पोकळ नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, तो आकडा म्हणजे 'एन'. चिकणमातीत हा आकडा ४ च्या खाली असेल तर ती मऊ, ८ ते १५ असेल तर घट्ट आणि ३० च्या वर असेल तर कठीण समजतात.

इथे एक गोष्ट गावकऱ्यांनी लक्षात ठेवावी. काळ्या मातीत एप्रिलमध्ये घेतलेला 'एन' आणि ऑगस्टमध्ये घेतलेला 'एन' सारखा येत नाही. उन्हाळ्यात वाळून कडक झालेली माती चांगला आकडा देते, तीच पावसात लोणी होते. म्हणून अहवालावर तपासणीचा महिना आणि पाण्याची पातळी लिहिलेली आहे का, हे पाहावं.

खडक लागला तर त्यातून गोल कांडीसारखे नमुने काढतात. ज्या तुकड्यांची लांबी १० सेंटिमीटर किंवा जास्त आहे, त्यांची बेरीज एकूण खोदलेल्या लांबीच्या किती टक्के भरते, यावरून खडक किती अखंड आहे ते ठरतं. ७५ टक्क्यांच्या वर असेल तर खडक चांगला, २५ च्या खाली असेल तर फारच फुटलेला.

जमीन न खोदता तपासणी: करंट आणि हातोडा

बोअरचं पाणी बघायला येणारी माणसं जमिनीत सळया ठोकून मशीन लावतात, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पायासाठीही तीच पद्धत वापरली जाते. तिला विद्युत प्रतिरोधकता सर्व्हे म्हणतात. एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत करंट सोडतात आणि आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज मोजतात. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की करंट अधिक खोल जातो आणि खालच्या थरांची माहिती मिळते.

ओली चिकणमाती करंट सहज जाऊ देते, तिचा आकडा साधारण १० ओम-मीटर किंवा त्याहून खाली असतो. कुजलेला खडक आणि मुरूम त्याच्या वर असतात. अखंड काळा पाषाण करंटला अडवतो, म्हणून त्याचा आकडा बराच मोठा येतो. प्लॉटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे आकडे घेतले की खडक कुठे वर आहे, कुठे खोल गेला आहे, याचा नकाशा तयार होतो.

दुसरी पद्धत हातोड्याची. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर घण मारतात. त्या धक्क्याची लहर जमिनीतून पळते आणि रेषेत ठेवलेले संवेदक, म्हणजे जिओफोन, ती कधी पोचली हे टिपतात. मोकळ्या कोरड्या मातीत लहर सेकंदाला काही शे मीटर जाते, पाण्यानं भरलेल्या मातीत सुमारे १५०० मीटर, तर अखंड काळ्या पाषाणात ४००० मीटरच्याही पुढे. वेगावरून थर ओळखतात आणि खडकाची खोली काढतात. पाच मीटर खाली बघायचं असेल तर जिओफोनची रेषा साधारण वीस-पंचवीस मीटर लांब लागते, म्हणजे अगदी छोट्या प्लॉटवर ही पद्धत अपुरी पडते.

रडारचं मशीन फिरवून जमिनीखालचं दाखवतो असंही काही जण सांगतात. वाळूत किंवा कोरड्या खडकात ते चांगलं चालतं. पण ओली चिकणमाती रडारच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे काळ्या मातीत त्याला फार खोलवर दिसत नाही.

मशीन कुठे फसतं?

मशीन सर्व्हे म्हणजे अंदाज असतो, तो खड्ड्यानं किंवा बोअरनं पडताळावा लागतो. आपल्या भागात फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

एक, आकडा कमी आला म्हणजे चिकणमातीच असेल असं नाही. पाण्यानं भरलेला मुरूम किंवा खारट पाणीही कमीच आकडा देतं. जवळून तारेचं कुंपण किंवा लोखंडी पाइपलाइन गेली असेल, तर आकडे बिघडतात.

दोन, दख्खनचा खडक एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. दोन कठीण थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा किंवा भोकाभोकांच्या मऊ खडकाचा पट्टा असतो. वर कठीण आणि खाली मऊ असेल, तर हातोड्याच्या पद्धतीला खालचा मऊ थर दिसतच नाही, कारण लहर वरच्या वेगवान थरातूनच पळून जाते. अशा वेळी करंटची पद्धत आणि बोअर दोन्ही लागतात.

तीन, मुरमात मोठे गोटे असतात. खडक कुजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि मधला कठीण गोळा तसाच राहतो. बोअरला तो लागला की "खडक लागला" असं सांगून काम थांबवलं जातं. प्रत्यक्षात गोट्याच्या खाली पुन्हा माती असते. म्हणून महत्त्वाच्या इमारतीत खडक लागल्यावरही काही मीटर आत खोदून खात्री करतात.

चार, प्लेट लोड चाचणीचीही मर्यादा आहे. पायाच्या तळाला लोखंडी प्लेट ठेवून वजन टाकतात आणि ती किती दबते ते मोजतात. चाचणी चांगली आहे, पण प्लेटच्या रुंदीच्या साधारण दोनपट खोलीपर्यंतचीच जमीन ती पाहते. दोन फुटांच्या प्लेटला चार फुटांखालचा चिखल कळत नाही.

कोकणात वेगळी गोष्ट आहे. तिथे वरचा जांभा उन्हात कडक होतो, पण अनेक ठिकाणी त्याच्याखाली मऊ, पांढुरकी चिकणमाती असते. वरचा कडकपणा बघून पाया घेतला तर खालचा थर दगा देतो.

जमीन कळल्यावर पाया कोणता?

हा निर्णय इंजिनीअरनं घ्यायचा असतो, पण घरमालकाला पर्याय माहीत असावेत.

• काळी माती तीन-चार फुटांतच संपत असेल: ती पूर्ण काढून पाया थेट चांगल्या मुरमावर टेकवावा. सगळ्यात साधा आणि टिकाऊ मार्ग हाच.

• काळी माती मध्यम खोल असेल: पायाखालची काही माती काढून तिच्या जागी मुरूम थराथरानं, पाणी मारून, रोलरनं दाबून भरतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आवरतो, हे त्यातून पुढे आलं.

• काळी माती खूप खोल असेल: रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेले फुगीर तळाचे पाइल वापरतात. जमिनीत किमान साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडून तळाशी ते घंटेसारखं रुंद करतात आणि सळई-काँक्रीट भरतात. फुगवटा भोकाच्या साधारण अडीचपट रुंद असतो. तो न हलणाऱ्या मातीत अडकून बसतो, त्यामुळे वरची माती वर-खाली झाली तरी घर जागेवर राहतं. अशा घराचा प्लिंथ बीम जमिनीला टेकवायचा नसतो, खाली मोकळी जागा ठेवायची असते. गवंडी सवयीनं ती जागा मातीनं भरून टाकतात, तिकडे लक्ष ठेवावं.

पाया कोणताही असो, घराभोवती सहा-सात फुटांची उताराची फरसबंदी करावी. न्हाणीचं पाणी आणि शोषखड्डा भिंतीपासून लांब न्यावा. पिंपळ, निलगिरी अशी भरपूर पाणी ओढणारी झाडं भिंतीजवळ लावू नयेत. पायाजवळच्या मातीची ओल वर्षभर शक्य तेवढी सारखी राहिली तर निम्मं दुखणं कमी होतं.

उतारावरच्या वस्त्यांसाठी

डोंगरउतारावर एका प्लॉटची माती तपासून भागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाडचं तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. घरांचा पाया कितीही मजबूत असता तरी वरून आलेला डोंगर थांबला नसता. उतारावर घर घेताना वरच्या अंगाला नव्या भेगा, वाकलेली झाडं, नव्यानं फुटलेले झरे किंवा अलीकडे केलेलं सपाटीकरण आहे का, हे पाहावं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत. तहसील कार्यालयात त्याबाबत चौकशी करावी.

कोणी किती तपासणी करावी?

• एकमजली घर किंवा घरकुल: विहीर-बोअरची चौकशी, एक ते तीन चाचणी खड्डे आणि काळी माती असेल तर मुक्त फुगवटा चाचणी. यात घरमालकाचा मोठा खर्च होत नाही.

• दोन-तीन मजली घर, दुकानगाळे: वरचं सगळं आणि त्यात किमान दोन बोअर, एसपीटी, एसबीसीचा अहवाल.

• शाळा, दवाखाना, उंच पाण्याची टाकी, सभागृह: प्रत्येक कोपऱ्याला आणि मध्ये बोअर, गरजेप्रमाणे करंट किंवा हातोड्याचा सर्व्हे. टाकीचं सगळं वजन मोजक्या खांबांवर येतं, त्यामुळे एक खांब मऊ जागेवर आला तरी टाकी कलते. गावात टाकीचं काम सुरू होताना ग्रामसभेत माती तपासणीचा अहवाल मागणं हा गावकऱ्यांचा हक्क आहे.

अहवाल हातात आला की हे तपासा

१. बोअर किंवा खड्डे आपल्याच प्लॉटवर, नकाशावर दाखवलेले आहेत का?
२. प्रत्येक थराची खोली आणि वर्णन आहे का?
३. पाण्याची पातळी आणि तपासणीची तारीख लिहिली आहे का?
४. मुक्त फुगवट्याचा आकडा आहे का?
५. एसबीसी किती खोलीवरची आहे, हे स्पष्ट आहे का?
६. पायाचा प्रकार आणि खोली सुचवली आहे का?
७. जबाबदार इंजिनीअरची सही आहे का?

नुसता "एसबीसी २० टन" एवढाच कागद मिळाला आणि बाकी रकाने कोरे असतील, तर तो अहवाल पुरेसा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेतीच्या माती परीक्षणाची आरोग्य पत्रिका चालेल का?
नाही. त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे पिकाला लागणारे घटक असतात आणि नमुना वरच्या अर्ध्या-पाऊण फुटातला असतो. पायाचा थर त्याच्या बराच खाली असतो.

पायात वाळू भरली तर काळी माती शांत होते का?
नुसत्या वाळूवर भरवसा ठेवू नये. वाळूतून पाणी झपाट्यानं खाली उतरतं आणि काळ्या मातीला उलट जास्त ओल मिळते. दाबलेला, थोडा चिकट मुरूम बरा.

जुन्या घरावर मजला चढवायचा आहे, काय करावं?
आधी जुन्या पायाच्या कडेला एक खड्डा घेऊन तो किती रुंद आहे, कशावर टेकला आहे, ते पाहावं. एका वेळी थोडाच भाग उघडावा, सगळी बाजू एकदम उकरू नये.

घराला आधीच भेगा आहेत, त्या वाढतायत का हे कसं ओळखावं?
भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी, रुंदी मोजून ठेवावी. मे आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजावं. ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर कारण माती. सतत एकाच दिशेनं वाढत असेल तर पाया खचतोय, इंजिनीअरला लगेच दाखवावं.

तपासणी कोणत्या महिन्यात करावी?
उन्हाळ्यात भेगांची खोली कळते, पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी कळते. बांधकाम उन्हाळ्यात करायचं असेल तर आदल्या दिवाळीच्या सुमारास खड्डा घेऊन ठेवलेला उत्तम. त्या वेळी जमीन ओली असते आणि तिची ताकद कमीत कमी किती आहे, हे त्यातून दिसतं. शिवाय अहवाल हातात येऊन नकाशा बदलायलाही वेळ मिळतो. मुहूर्त त्यानंतर काढला तरी चालतो.